उतरत्या छताखालचं कपाट

४ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. वर काय लिहावं यातच पहिला कागद फुकट गेला. तुमचा मुलगा आणि मी कोर्टातून वेगळे होऊन आठ महिने झाले. त्यानंतर सासऱ्यांना काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी बारा वर्षं जे म्हणत आले तेच लिहिलं. आवडलं नसेल तर स्पष्ट कळवा.

फोन केला असता, पण कारखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान घेतले. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता तेव्हा तुम्हाला काहीही ऐकू आलेलं नसतं हे मला ठाऊक आहे.

तर कामाचं सांगते. भिंगरीला घेऊन मी नव्या जागेत आले आहे. तिसऱ्या मजल्यावर, छपराखाली, एकच लांब खोली. एका बाजूला छत उतरत उतरत खाली येतं आणि भिंत माझ्या कमरेशी संपते. त्या बाजूला भिंगरीचा पलंग आहे. तुमची नात आता दहा वर्षांची झाली. तिला आडोसा हवा, कपडे बदलायला जागा हवी, पुस्तकांना कप्पे हवेत. म्हणून मी ते खोक्यातून येणारं, घरी जोडायचं कपाट आणलं. तुम्ही जन्मभर कारखान्यात ज्या फळ्यांना भोकं पाडलीत, तसलंच. हमालांनी वर चढवलं. मी हौसेने खोकं फोडलं, बाजूची फळी उभी केली आणि कपाळाला हात लावला. कपाट साडेसहा फूट आणि भिंत जेमतेम सव्वातीन फूट. खोकं फोडलं म्हणून दुकानदार परतही घेत नाही.

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजते. आजवर एकाचाही चष्मा चुकलेला नाही. आणि स्वतःच्या घराचं छत मोजायचं राहिलं! हसा खुशाल.

ही फळी घरी कापता येते का? कापताना तिचे टवके उडतात म्हणे. घाई मुळीच नाही. सवडीने लिहा.

तुमची
सूनबाई (पूर्वीची)


९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

ते कंसातलं आधी काढून टाक. वेगळे तुम्ही दोघं झालात. मला कुणी कोर्टात बोलावलं नव्हतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आठ महिने मी विचार करत होतो की आपण आधी लिहावं का. लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारा मुलाची वकिली करायला आला. म्हणून गप्प बसलो आणि रोज टपालाच्या पेटीत डोकावत राहिलो. तू लिहिलंस, फार बरं केलंस. कपाटाच्या निमित्ताने का होईना.

आता कपाट. कापता येतं. कारखान्यात एकतीस वर्षं मी हेच ऐकलं, लोक दुकानात जाऊन कपाट मोजतात आणि घरी जाऊन हळहळतात. तू पहिली नाहीस.

फोटो पाठवू नकोस. फोटोत भिंत छान दिसते, माप दिसत नाही. मला कागद पाठव. मोठा खाकी कागद भिंतीला लाव, त्याची कड छताला भिडव आणि छत जसं उतरतं तशी रेघ ओढ. पट्टी लावून ती सरळ करू नकोस. छताने जिथे पोट काढलं असेल तिथे तुझ्या रेघेनेही पोट काढलं पाहिजे. एका दोऱ्याला कुलूप बांधून वरून सोड, तो झाला तुझा ओळंबा. त्या दोऱ्याबरोबर एक उभी रेघ मार, म्हणजे मला सरळ काय आणि तिरकं काय ते कळेल. मग कागदाची घडी घालून पाकिटात टाक. पूर्ण मापाचा कागद हातात असला की मला तुझी खोली इथे बसून चाचपता येते.

भिंगरी अजून जेवताना एका पायावर उभी राहते का? तिला सांग, आजोबांनी विचारलंय.

तुझे
बाबा


१६ फेब्रुवारी

बाबा,

कागद सोबत आहे. चार घड्या आहेत, उलगडताना सांभाळा.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. भिंगरीने दोरा धरला, मी रेघ मारली. कुलूप इतकं हेलकावत होतं की ती अर्धा तास हसत होती, आणि ती हसली की दोरा आणखी हलायचा. शेवटी श्वास रोखून उभी राहिली. या घरात आल्यापासून ती एवढी हसल्याचं मला आठवत नाही. छताने पोट काढलंय, अगदी मधोमध. मला ते रोज पलंगावर पडून दिसत होतं, पण तुम्ही म्हणेपर्यंत दिसलं नव्हतं.

हो, जेवते अजून एका पायावरच.

तिचे कपडे सध्या खुर्चीच्या पाठीवर असतात आणि पुस्तकं पलंगाखाली. विचारलं तर म्हणते, "असू दे गं, चालतंय." मला ते "चालतंय" ऐकवत नाही. एप्रिल उजाडायच्या आत कपाट उभं राहिलं तर बरं होईल. म्हणजे, उगीच आपलं. परीक्षा वगैरे असतात ना तिच्या.

तुम्ही "पेटीत डोकावत राहिलो" लिहिलंत ते वाचून मला भरून आलं. मीही तीनदा पत्र लिहून फाडलं होतं.

तुमची
सूनबाई


२२ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्याच कागदावर लिहितोय. तेव्हा आधी वाच आणि मग काप. उलट करशील तर माझे आशीर्वाद कचऱ्यात जातील.

तुझी रेघ सुरेख आहे. कारखान्यात असतीस तर तुला मापं घ्यायच्या खात्यात बसवलं असतं.

बेत असा. कपाट भिंतीला समांतर लावायचं नाही. आडवं लावायचं, म्हणजे त्याची डावी बाजू बुटक्या भिंतीला टेकेल आणि उजवी बाजू खोलीच्या मध्याकडे येईल. पाठ तुझ्याकडे, तोंड भिंगरीच्या पलंगाकडे. कपाटाचं कपाट आणि भिंतीची भिंत. तिच्या पलंगाला आडोसा झाला, आणि तिथे ती वाटेल ते करू दे.

डावी फळी सव्वातीन फुटांना एक इंच कमी. उजवी सहा फूट दोन इंच. दोन्हींची वरची कड छताच्या उताराने तिरकी कापायची. पाठीची पातळ फळी या कागदाच्या रेघेबरहुकूम. दोन्ही दारंही तशीच. कपाटाला वरची फळी आता लागत नाही, छतच तिचं झाकण. ती फळी आत कप्पा म्हणून वापर.

टवके उडू नयेत म्हणून रेघेवर आधी चिकटपट्टी लाव. तिच्यावर पेन्सिलीने पुन्हा रेघ मार आणि बारीक दातांची करवत घे. घाईने नाही, करवतीच्या वजनाने कापू दे. आम्ही नव्या माणसाला सांगायचो, करवत ढकलायची नाही, तिला जाऊ द्यायचं. कापून झाल्यावर कपाट भिंतीला दोन जागी स्क्रूने आवळ. विसरलीस तर एक दिवस ते अंगावर येईल.

आधी म्हणालीस घाई नाही, आता म्हणतेस एप्रिलच्या आत. मी बहिरा आहे, आंधळा नाही. पण तू सांगशील तेव्हा सांग.

तुझे
बाबा


२ मार्च

बाबा,

घात झाला.

तुमचा कागद कापवेना, म्हणून त्याच्यावरून दुसरा कागद गिरवून घेतला. चिकटपट्टी लावली. नवी करवत आणली. रविवारी सकाळी डावी फळी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली, भिंगरी दुसऱ्या टोकावर बसली, आणि मी करवतीला जाऊ दिलं. ती गेलीसुद्धा, लोण्यातून जावी तशी. मला वाटलं, वा, जमतंय की आपल्याला! तुकडा खाली पडला आणि मी कड बघितली. बाबा, आत लाकूडच नाही. भुसासुद्धा नाही. वर एक पातळ पापुद्रा, खाली एक पापुद्रा, आणि मधे नुसता कागद, जाळीजाळीचा. स्क्रू कशात मारू? हवेत?

मी जमिनीवर बसले आणि रडले. लाज वाटते सांगायला, पण रडले. भिंगरी आली, तिने त्या पोकळीत बोट घातलं आणि म्हणाली, "आई, एवढे दिवस आपण कागदाचं कपाट कापायला घाबरत होतो?"

आता काय करू? उजवी फळी अजून कापलेली नाही. हिंमत होत नाही.

तुमची
सूनबाई


६ मार्च

चि. सूनबाई,

चूक तुझी नाही, माझी आहे. शंभर टक्के माझी.

आमच्या काळी फळी भरीव असायची. हलकी फळी येणार असं मी निवृत्त व्हायच्या सुमारास कुजबुजताना ऐकलं होतं. पण त्याला अकरा वर्षं झाली आणि मला वाटलं, मी गेलो म्हणजे कारखाना जिथल्या तिथे थांबला. फळीवर बोटाने टकटक कर, एवढं एक वाक्य तुला लिहायला हवं होतं. पोकळ असती तर आवाजानेच कळलं असतं. एकतीस वर्षांचा अनुभव घेऊन मी एका वाक्यात कमी पडलो.

पण बिघडलेलं काही नाही. सोबत लाकडाच्या चार पट्ट्या पाठवतोय. तुझ्या फळीतल्या पोकळीची जाडी मला माहीत नाही, म्हणून एक सूतभर जाड ठेवल्यात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पॉलिश पेपरने घासून बेताच्या कर. फळीतला जाळीचा कागद दोन बोटं आत दाब, पोकळीत डिंक सोड, पट्टी ठोकून बसव आणि एक दिवस वर वजन ठेव. मग ती कड भरीव झाली. तिच्यात स्क्रू मार, काहीही मार.

पट्ट्यांना रंधा मीच मारला. किती वर्षांनी हातात घेतला! पहिल्या दोन पट्ट्या वाकड्या झाल्या, त्या चुलीत गेल्या. तिसरीपासून हाताला आठवलं. शेजारी विचारत होते, आजोबा, हा आवाज कसला? मी म्हटलं, सुनेचं काम आलंय.

रडलीस त्याची लाज वाटून घेऊ नकोस. मी पहिली फळी उलटी भोकं पाडून वाया घालवली तेव्हा संडासात जाऊन रडलो होतो. हे तुझ्या सासूबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

तुझे
बाबा


१२ मार्च

बाबा,

बसल्या! चारही पट्ट्या बसल्या. शेवटची ठोकली तेव्हा ती आत जाऊन अशी "ठप्प" झाली की मी आणि भिंगरीने एकमेकींकडे बघितलं आणि टाळी दिली. पट्ट्यांना तुमच्या घरातल्या लाकडाचा वास येत होता. मी त्या बसवायच्या आधी हुंगल्या, भिंगरीनेही हुंगल्या.

आज कपाट उभं आहे. सांगाडा, पाठ, कप्पे सगळं झालं. छताच्या पोटाला कपाटाची पाठ इतकी बेमालूम चिकटली आहे की मधे पोस्टाचं पाकीटही जाणार नाही. भिंतीला दोन नाही, चार जागी आवळलंय. भिंगरीने खुर्चीवरचे कपडे स्वतः उचलले आणि घड्या घालून ठेवले. मी पाठ फिरवून भांडी घासत बसले. आता मी कपाटाच्या पाठीवर टकटक केल्याशिवाय पलीकडे जायचं नाही असा तिचा हुकूम आहे.

बाबा, तुमचे उपकार कसे फेडू? माझे वडील असते तर त्यांनी माझ्यासाठी हेच केलं असतं, आणि एवढं चांगलं त्यांना जमलं नसतं.

दारं तेवढी राहिली. डावं दार कुठल्या बाजूने लावू ते कळवा.

तुमची
सूनबाई


२७ मार्च

बाबा,

पंधरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? दोन ओळी तरी टाका. दाराचं राहू द्या. तुम्ही बरे आहात एवढंच लिहा.

सूनबाई


३१ मार्च

चि. सूनबाई,

तब्येतीला काही झालेलं नाही.

१४ तारखेला आमचे चिरंजीव इथे आले होते. टेबलावर मी ठेवलेली तुझ्या कागदाची नक्कल होती आणि जमिनीवर रंध्याचा भुसा. त्याने विचारलं, हे काय? मी अभिमानाने सांगितलं. त्याने तो कागद उचलून बघितला. मग म्हणाला, "बाबा, १५ एप्रिलला भिंगरी सांगणार आहे, शाळेच्या दिवसांत कुणाकडे राहायचं ते. आम्ही दोघांनी तिच्यावर सोपवलंय. आणि तुम्ही तिला तिकडे ठेवून घ्यायला कपाट बांधून देताय?"

मला यातलं काही माहीतच नव्हतं.

सूनबाई, तू हे मला सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर मी पट्ट्या केल्या नसत्या का? केल्या असत्या. पण डोळे उघडे ठेवून केल्या असत्या. मला वाटत होतं मी नातीला कप्पे करून देतोय, आणि तिकडे माझ्याच मुलाच्या काळजात स्क्रू जात होता. मला राग आला. तुझा आला, त्याचा आला, स्वतःचाही आला. म्हणून लिहिलं नाही.

मग दहा दिवसांनी बस पकडून त्याच्याकडे गेलो. भिंगरीसाठी ठेवलेली खोली बघितली. मोठी आहे, चारही भिंती काटकोनात. पण पोरक्यासारखी. खोक्यातलं टेबल आणलंय, त्याचे पाय त्याने उलटे लावले होते. आणि ते मोठ्या माणसाच्या उंचीचं, भिंगरी बसली तर तिच्या हनुवटीशी येईल. मी पाय काढले, प्रत्येकी तीन इंच कापले आणि सुलटे लावले. तो शेजारी बसून स्क्रू देत होता. आम्ही बापलेक बसलो खरे दोन तास एका जागी.

येताना बसमध्ये माझं ठरलं. ती जिथे राहील तिथे तिचं सामान असावं, आणि जिथे राहणार नाही तिथेही असावं. हे वाक्य मी तुम्हा दोघांना सारखंच लिहिलंय. आता तू मला कुणाच्या बाजूचा म्हणायचं ते म्हण.

दारांचं. डावं दार तू एव्हाना बुटक्या भिंतीच्या बाजूला बिजागरी लावून बसवलं असशील आणि ते उघडताना छताला अडलं असेल. दाराची उंच कड बुटक्या जागेत फिरून येते, ती अडणारच. मी रागात गप्प बसलो नसतो तर तुझे कष्ट वाचले असते. तिथे दारच नको. डावीकडे उघडे कप्पे ठेव, पुस्तकांसाठी. उजवं दार उंच बाजूला बिजागरीवर लाव, ते मोकळं फिरेल.

तुझे
बाबा


५ एप्रिल

बाबा,

दोन दिवस मी तुमच्यावर रागावले होते. ते टेबलाचे पाय माझ्या डोक्यातून जाईनात. माझं कपाट आणि त्याचं टेबल, एकाच हाताने! तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि नुसती शरम उरली.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी लपवलं. सांगितलं असतं तर तुम्हाला मुलगा की सून असं निवडावं लागेल, ते नको म्हणून लपवलं, असं मी स्वतःला समजावत होते. तेही निम्मं खोटं. तुम्ही नाही म्हणाल या भीतीने लपवलं. मी नातीला जागा करत नव्हते बाबा, तिला धरून ठेवायला सापळा करत होते. आडोसा, कप्पे, दार, सगळं १५ तारखेवर नजर ठेवून. तिला "चालतंय" म्हणताना ऐकलं की मला धास्ती वाटायची, कारण जिथे चालतंय तिथून माणूस जाऊही शकतं.

मला माफ करा. आणि तुमचे आभार, की चिडूनही तुम्ही दाराचं सांगायला विसरला नाहीत. हो, अडलं होतं. छताला चांगला ओरखडा गेलाय. आता डावीकडे पुस्तकं आहेत आणि उजवं दार मोकळं फिरतं.

तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. तुम्ही तिच्या बाजूचे आहात. एवढे दिवस तिच्या बाजूला कुणी उभंच नव्हतं, आम्ही दोघंही आपापल्या बाजूने तिला ओढत होतो.

तुमची
सूनबाई


१७ एप्रिल

बाबा,

ती तुमच्या मुलाकडे राहणार आहे. सोमवार ते शुक्रवार त्याच्याकडे, शनिवार-रविवार माझ्याकडे.

तो परवा इथे आला. पहिल्यांदाच हे तीन जिने चढला. आम्ही तिघं जमिनीवर बसलो. भिंगरी मधे. मी मनाशी ठरवलं होतं की तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, म्हणून तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. ती म्हणाली, "शाळेच्या दिवसांत पप्पांकडे." मग तीच म्हणाली, "आई, तुला सगळं येतं. तू करवत आणलीस, कपाट कापलंस, चुकलं तर पुन्हा केलंस. पप्पा टेबलाचे पाय उलटे लावतात आणि त्यांना कळतही नाही. त्यांच्याजवळ कुणी नको का?"

तुमचा मुलगा मान खाली घालून बसला. कानापर्यंत लाल झाला होता. जाताना दाराशी थांबला आणि कपाटाच्या कडेवरून हात फिरवला. म्हणाला, "बाबांचा रंधा ओळखू येतो." मग गेला.

बाबा, हसू की रडू? तुम्ही मला शिकवलंत, मी शिकले, आणि शिकले म्हणून माझी मुलगी निश्चिंत होऊन गेली. कपाट पडलं असतं तर राहिली असती!

तरीही तुमचे आभारच मानते. राग काढायला कुणी सापडत नाही.

सूनबाई


२१ एप्रिल

चि. सूनबाई,

पोटभर रडून घे. मीही रडलो. मुलाला पोर मिळाली म्हणून आनंद झाला आणि तुझी खोली डोळ्यांसमोर आली म्हणून रडू आलं. दोन्ही एकाच वेळी होतं, हे या वयात कळलं.

चिरंजिवांना मी खरमरीत लिहिलंय. दहा वर्षांच्या पोरीने बापाची काळजी वाहायची नसते. त्याने स्वयंपाक शिकावा, तिचा डबा स्वतः भरावा, आणि एकही स्क्रू उलटा लावू नये. तुलाही सांगतो. तिच्यासमोर सगळंच येतं असं दाखवू नकोस. अधूनमधून थोडं अडावं माणसाने. मीही अडलोय असं कुणाला म्हटलं असतं तर तुझ्या सासूबाई गेल्यानंतर मी एवढा एकटा पडलो नसतो. पण तू अडलीस आणि मला हाक मारलीस, त्याबद्दल माझ्याकडून तुझे आभार. या वर्षात मला कुणी काही विचारलं असेल तर ते तूच.

आणि एक. कपाट आवरू नकोस. एक कप्पाही नाही.

तुझे
बाबा


२६ एप्रिल

बाबा,

काल शनिवार होता. आठवडाभर मी त्या कपाटाच्या पलीकडे गेले नव्हते. सकाळी झाडू घेऊन गेले आणि पाठीवर टकटक करून थांबले. कुणीच नसताना. मग स्वतःलाच हसले आणि आत गेले. तुम्ही सांगितलंत तसं काही हलवलं नाही, फक्त धूळ पुसली.

मनात एकच भीती होती. येताना ती मोठी पिशवी आणेल, त्यात दोन दिवसांचे कपडे असतील, दात घासायचा ब्रश असेल, आणि रविवारी संध्याकाळी ते सगळं पुन्हा भरून नेईल. पाहुणी यावी तशी. अकरा वाजता जिन्यावर तिची पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होती. मी दार उघडलं आणि आधी तिच्या हातांकडे बघितलं.

बाबा, ती मोकळ्या हातांनी आली होती.

मी विचारलं, "अगं, सामान कुठे आहे तुझं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू काही मीच या घरात नवी आहे. म्हणाली, "इथे."

तुमची
सूनबाई